स्मार्ट टीव्ही आहे, पण मुले नुसती पाहत बसतात. अल्पदृष्टी मुलाला तर तेही दिसत नाही

प्रश्न (शिक्षिका, द्विशिक्षकी शाळा):
माझ्याकडे तिसरी ते पाचवी अशी एकत्र बावीस मुले आहेत. लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही आला, तेव्हा मुले घंटेच्या आधी वर्गात येऊन बसत. आता चित्रफीत थांबवून प्रश्न विचारला की नेहमीचेच चार हात वर येतात आणि बाकीची मुले एकमेकांकडे पाहतात. पाचवीतील एका अल्पदृष्टी मुलाची अडचण त्याहून मोठी आहे. त्याच्यासाठी जुन्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, सुरू केले, तर मी संगणकावर टंकित केलेली स्वाध्यायपत्रिका फोन निरर्थक इंग्रजी अक्षरांत वाचू लागला. मुलगा हसला, मला मात्र ओशाळल्यासारखे झाले. काय करता येईल?

उत्तर १ (विशेष शिक्षक, गटसाधन केंद्र):
मॅडम, दोष फोनचा नसून बहुधा फाँटचा आहे. जुन्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे केवळ चित्र बसवलेले असते; आपल्याला 'क' दिसतो, पण वाचक प्रणाली खालचे मूळ इंग्रजी अक्षरच उच्चारते. पत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, टंकित केल्यास हा प्रश्न राहणार नाही. हाताशी असलेली फाइल तपासण्यासाठी तिच्यातील एक ओळ कॉपी करून संदेशात चिकटवावी. तेथे मराठी उमटले नाही, तर फोनलाही ते मराठी म्हणून कळणार नाही. शाळेत संगणक असेल तर एनव्हीडीए ही पडद्यावरील मजकूर वाचणारी मोफत प्रणाली बसवा. दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये तिचे काम सुरू केले आणि ती मराठीही वाचते; आवाज थोडा यांत्रिक आहे, पण मुलांना त्याची सवय लवकर होते. मुलाला इअरफोन अवश्य द्यावा, मात्र एकाच कानात, म्हणजे तो वर्गापासून तुटणार नाही.

उत्तर २ (पदवीधर शिक्षक):
त्या चार हातांवर उपाय म्हणून मी प्लिकर्स हे प्रश्नोत्तरांचे ॲप वापरतो. यात फोन फक्त शिक्षकाकडे लागतो. प्रत्येक मुलाला वेगळ्या आकृतीचे कागदी कार्ड मिळते, कार्डाची जी बाजू वर धरली ते त्याचे उत्तर, आणि फोनचा कॅमेरा सर्व कार्डे एका फेरीत टिपतो. शेजाऱ्याची आकृती निराळी असल्यामुळे पाहून उत्तर देणे अवघड जाते आणि लाजरे मूलही उत्तर देते. एकदा १/३ मोठा की १/४, असे विचारले. एरवी हात वर करणाऱ्यांचे उत्तर ऐकून मी पुढे गेलो असतो. त्या दिवशी मात्र अर्ध्याहून अधिक वर्गाने १/४ निवडल्याचे दिसले, कारण तीनपेक्षा चार मोठे! तो तास मग भाकरीचे तुकडे करण्यातच गेला. एक चूक मात्र टाळा. मी कार्डांना हौसेने चकचकीत लॅमिनेशन करून घेतले आणि खिडकीतला उजेड पडला की फोनला कार्डच ओळखता येईना. तुमच्या मुलाच्या कार्डामागे एका कडेला टिकली चिकटवा, म्हणजे कोणती बाजू वर आहे हे त्याला बोटांनी समजेल.

उत्तर ३ (निवृत्त मुख्याध्यापक):
टीव्ही बंद ठेवावा, असे माझे मत नाही. पण तो सर्वांना एकाच वेगाने शिकवतो, आणि तीन इयत्ता एकत्र असलेल्या वर्गात तेच नडते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमधून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडणारे साहित्य आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवले, तर वीज व नेटवर्क नसतानाही तीन-चार मुलांचा गट ते फोनवर थांबवत, पुन्हा लावत पाहू शकतो.

प्रश्नकर्त्या शिक्षिका:
सर्वांचे आभार. ओळ चिकटवून पाहिली. खरोखरच फाँट जुना निघाला. मुलाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाई, म्हणजे फोन बरोबर वाचत होता." युनिकोडमधील पहिली पत्रिका आज रात्री तयार करते. कार्डांसाठी तालुक्याला जावे लागेल. जाड कागद आणीन, लॅमिनेशन करणार नाही.