एका इंग्रजी शब्दाला फ्रेंचमध्ये चार शब्द, निवडायचा कोणता?

ऐरोलीकर: फ्रेंचच्या ‘डेल्फ ए-टू’ परीक्षेची तयारी करतोय. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार ठाण्याला क्लास. व्याकरण जमतंय, गाडी अडते ती शब्दांपाशी. कोशात ‘लीव्ह’ बघितला तर पार्तिर, सोर्तिर, किते, लेसे अशी रांगच लागते. ‘टाइम’ला तीन शब्द, ‘नो’ला (know, माहीत असणं) दोन. लक्षात कसं ठेवायचं?

नौपाड्याची फ्रेंचबाई: पाठ करत बसू नका. इंग्रजीला मध्ये घेऊच नका, तेच वाक्य आधी मराठीत म्हणा. किती वाजले, वेळ नाही, तीन वेळा सांगितलं. इथे आपण कधी चुकतो का? फ्रेंचमध्ये अनुक्रमे अर, तां आणि फ्वा. मामलेदारची मिसळ ‘हॉट’ म्हणजे गरम की तिखट? गरम असेल तर शो, तिखट असेल तर पिकां. लोकलमधली सीट ‘फ्री’ असते ती लिब्र, म्हणजे रिकामी. ग्रात्वी म्हणजे फुकट.

माझा सगळ्यात आवडता ‘कॅन’. ‘मला पोहता येतं’ याला मुलं हमखास पुव्वार लावतात, कारण डोक्यात इंग्रजी असतं. फ्रेंच माणूस म्हणतो ‘झ से नाजे’, साव्वार वापरून. येणं म्हणजे साव्वार, शकणं म्हणजे पुव्वार. मराठी माणसाला हे शिकवावंच लागू नये!

आता तुमचा ‘लीव्ह’. पार्तिर म्हणजे निघणं, त्याला कर्म लागत नाही. किते म्हणजे सोडणं. काय सोडलं ते सांगावंच लागतं, घर, गाव, नोकरी. छत्री गाडीत राहिली तर लेसे. आतून बाहेर पडलात तर सोर्तिर. आणि भूतकाळात पार्तिरला साहाय्यक क्रियापद एत्र (असणं) लागतं, कितेला आव्वार (जवळ असणं). परीक्षेत मार्क इथे जातात.

सीवूड्सवासी: बाई, पण मराठीही फसवते की. मला ठाणं माहीत आहे आणि तो कुठे राहतो ते मला माहीत आहे, दोन्हीकडे ‘माहीत’च.

नौपाड्याची फ्रेंचबाई: खरंय, तिथे मराठी पुरत नाही. मग पुढे काय येतंय ते बघा. माणूस किंवा गाव आलं तर कॉनेत्र. ‘कुठे’, ‘का’, ‘की’ लावून अख्खं वाक्य आलं तर साव्वारच, तिथे कॉनेत्र चालतच नाही. ‘नेणं’ही तसंच. मुलाला शाळेत नेलं तर आंमने, डबा ऑफिसात नेला तर आंपोर्ते.

घोडबंदर रोड: मी एक करते. कोशात सापडलेला फ्रेंच शब्द उलटा फ्रेंच-इंग्रजीत शोधते. भलताच अर्थ निघाला की लगेच कळतं. उदाहरणाची वाक्यं वाचल्याशिवाय शब्द उचलायचा नाही.

ऐरोलीकर: खूप मदत झाली. बाई, ‘आय मिस यू’चं काय? क्लासमध्ये ‘त्यु म मांक’ सांगितलं, पण मला ते उलटं वाटतं.

नौपाड्याची फ्रेंचबाई: इंग्रजीवरून आलात म्हणून उलटं वाटतं. ‘मला चहा आवडतो’ यात कर्ता चहा आहे ना? तसंच इथे कर्ता ‘तू’, आणि ‘म’ म्हणजे मला. गाडी चुकली असेल तर मात्र राते. आणि हो, ‘यू’ला त्यु की वू हे तू-तुम्हीवरून ठरवाल, पण घरात जपून. आपल्याकडे बऱ्याच घरांत आईला तू आणि बाबांना तुम्ही असतं, फ्रान्समध्ये सहसा दोघांनाही त्यु.