पंचेचाळीस हजारांत कॅमेरा विचारला तर सव्वा लाखाचा का सांगता?

टेकडीवरचा | शनिवार, रात्री १०.४०

काल इथे एका ताईंनी साधा प्रश्न विचारला होता. मुलगी एफवायला आहे, कॉलेजच्या एकांकिकेत बॅकस्टेजला असते, पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या तालमींचे फोटो काढते आणि फोनवर सगळे हललेले येतात. बजेट पंचेचाळीस हजार, त्यावर एक रुपया नाही. पहिलंच उत्तर आलं, "अंधारात फुल फ्रेमशिवाय काही होत नाही. बजेट सव्वा लाख करा, नाहीतर फोनच वापरा." त्या उत्तराला अकरा लाइक. (फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा; सेन्सर म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चकती.) ताई पुन्हा काही बोलल्याच नाहीत. मला ते फार लागलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पंचेचाळीस म्हटल्यावर पंचेचाळीस. त्यातच कार्ड, बॅग, जादा बॅटरी आणि पावसाळ्यात ठेवायची सोय बसवायची. म्हणजे कॅमेरा आणि लेन्सला हातात उरले चाळीस.

आता तालमीची खोली डोळ्यासमोर आणा. वर्गातली बाकं भिंतीला लावलेली, दोन ट्यूबलाइट, त्यातली एक विझवलेली. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५५ ला, म्हणजे पूर्ण झूमला नेली की एफ ५.६ वर येते. एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० ला नेली तरी शटर मिळतो १/३० सेकंद. पात्राने नुसता हात उचलला तरी बोटं पुसली जातात. त्याच बॉडीवर एफ १.८ ची लेन्स लावा. प्रकाश साधारण साडेनऊ पट, शटर १/३०० च्या आसपास. बोटं थांबतात, डोळ्यातलं पाणी दिसतं. बॉडी तीच, फरक फक्त लेन्सचा.

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, एपीएस-सी, म्हणजे स्वस्त कॅमेऱ्यांतला लहान सेन्सर, साधारण २३.५ × १५.६. क्षेत्रफळ सव्वादोन-अडीच पट. फायदा आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण बजेट ताणून फुल फ्रेम घेतल्यावर लोक त्यावर एफ ४ चा झूम लावतात आणि एपीएस-सी वरच्या १.८ पेक्षा कमी प्रकाश गोळा करतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. कॅमेरा बघायच्या आधी फोनमधले गेल्या महिन्याचे फोटो मोजा. कशाचे आहेत, किती लांबून काढलेत, उजेड किती होता. मग सेकंड हँड एपीएस-सी बॉडी घ्या आणि उरलेले पैसे त्या कामाच्या एका लेन्सवर घाला.

मंदार_फुलफ्रेम | शनिवार, रात्री ११.१५

ते उत्तर माझंच. नाव घ्यायला हरकत नव्हती.

तुम्हाला वाटतं मी हौसेने सांगितलं. २०१६ मध्ये मीही बजेटमध्ये बसवून निकॉनचा डी ३४०० घेतला. दीड वर्षात डी ७२००. मग डी ७५०. दर वेळी जुनं विकताना निम्मे पैसे गेले आणि शेवटी डीएक्सच्या, म्हणजे निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठीच्या, तीनही लेन्स फुल फ्रेमवर निरुपयोगी ठरल्या, कारण लावल्या की कॅमेरा क्रॉप मोडमध्ये जातो, सेन्सरचा मधलाच भाग वापरतो. बायकोने एकदा हिशोब मांडून दाखवला, साठ हजार रुपये नुसते अदलाबदलीत गेले होते. माझी तेव्हा बोलती बंद झाली होती. त्या मुलीच्या आईवर ती वेळ येऊ नये म्हणून लिहिलं. "नाहीतर फोन" हे शब्द कडक झाले, ते मान्य. सल्ला मागे घेत नाही.

आणि एक सांगा. ५० एमएम १.८ एपीएस-सी वर लावली की कोन फुल फ्रेमवरच्या ७५-८० सारखा अरुंद होतो. वर्गाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी तीन पात्रं एका चौकटीत येणार नाहीत. तुम्ही तालमीत फोटो काढलेत का कधी?

टेकडीवरचा | शनिवार, रात्री ११.३२

काढलेत. आणि मी ५० म्हटलेलंच नाही, पुन्हा वाचा. डीएक्ससाठी निकॉनची ३५ एमएम १.८ आहे, २००९ पासून बाजारात आहे आणि सेकंड हँड ढिगाने मिळते. कोन ५२ सारखा येतो. पण हो, "एका लेन्सवर घाला" म्हणताना कुठली ते मी लिहायला हवं होतं, नाहीतर लोक स्वस्त दिसते म्हणून ५० घेऊन येतील. तेवढा मुद्दा तुमचा.

साठ हजारांचं मात्र वाईट वाटलं तरी सांगतो, ते तुमच्या दोन वेळा बदलण्यात गेले. डी ७२०० ने तुमचं कुठलं काम अडलं होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

शांतशटर | रविवार, सकाळी ७.५०

तुम्ही दोघं प्रकाशावर भांडताय, आवाजाबद्दल कोणी बोलतच नाही. मी डीएसएलआर घेऊन तालमीला बसायचो. आरसा वर-खाली होताना जो खटका होतो तो एरवी जाणवत नाही, पण एकांकिकेतल्या शांततेत छातीत धडकी भरते. एकदा आमचा नट सहा मिनिटांच्या स्वगतात होता. चौथ्या खटक्याला दिग्दर्शकाने तालीम थांबवली आणि मला सगळ्यांसमोर बाहेर जायला सांगितलं. मी जिन्यात बसून राहिलो. तो मुलगा त्या दिवशी पुन्हा त्या जागी पोचला नाही, आणि ते माझ्यामुळे झालं.

म्हणून मिररलेस, म्हणजे आरसाच नसलेला कॅमेरा. इलेक्ट्रॉनिक शटरला आवाजच नसतो.

मंदार_फुलफ्रेम | रविवार, सकाळी ८.२०

स्वस्त मिररलेसमध्ये सेन्सर वाचायला वेळ लागतो, त्यामुळे एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरलात की फोटोवर आडवे पट्टे येतात. आता ट्यूबच्या जागी सगळीकडे एलईडीच आहेत. हा घोळ मी स्वतः एका साखरपुड्यात केलाय, दोनशे फोटो पट्ट्यांचे.

शांतशटर | रविवार, सकाळी ८.४१

शटर हळू ठेवला, १/१०० वगैरे, की पट्टे बरेच कमी होतात. पण हो, नेमके आपल्याला हवे असलेले वेगवान शटर तिथे मारले जातात. हे खरं आहे.

जुनी_काच | रविवार, सकाळी ९.०५

सेकंड हँड घ्या म्हणणं सोपं आहे. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत, ते सगळे विचारतात, लेन्समध्ये टॉर्च मारून कोण बघतं? मी दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एकाकडून ७०-३०० ची झूम लेन्स घेतली. बाहेरून नवीकोरी, लेदरच्या केसमध्ये. घरी त्याच केसमध्ये ठेवली. सप्टेंबरमध्ये विसर्जनासाठी काढली. अलका चौकात उभं राहून बघतो तर समोरचा ढोल धुक्यात असल्यासारखा. घरी मागच्या बाजूने टॉर्च मारला, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. साफ करायला सांगितलेली रक्कम लेन्सच्या निम्म्या किमतीची होती, आणि कोटिंगवर चट्टे राहणार ते राहणारच.

सिंहगड रोडला नदीकडेच्या इमारतीत राहतो. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. इथे सेकंड हँड लेन्स घेणाऱ्याने आधी ती ठेवायची कुठे ते ठरवावं.

सदाशिव_४११०३० | रविवार, सकाळी ९.३०

लेदर केसमध्ये ठेवलीत तिथेच चुकलं. चामडं ओल धरून ठेवतं. आमच्याकडे वडिलांचा फिल्मचा कॅमेरा आणि दोन लेन्स स्टीलच्या डब्यात तांदळात असतात. चाळीस वर्षं झाली, काच स्वच्छ आहे. उगाच खर्च करायला लावू नका लोकांना.

अनघा_रसायन | रविवार, सकाळी १०.१०

कृपा करून तांदळाचा सल्ला देऊ नका. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. तांदूळ ओल शोषतो ती फार थोडी, आणि त्याची पिठासारखी भुकटी फोकसच्या रिंगमध्ये आणि झूमच्या नळीत जाऊन बसते. वरून पिठाला ओल लागली की ते बुरशीचं अन्नच. तुमच्या वडिलांची लेन्स टिकली ती घट्ट झाकणामुळे आणि वाड्यातल्या कोरड्या माळ्यामुळे.

रबर लावलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, बोहरी आळीत हव्या त्या मापाचा मिळतो. आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. फार खालीही नेऊ नका, आतलं वंगण सुकतं. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

सदाशिव_४११०३० | रविवार, सकाळी १०.२५

चाळीस वर्षांचा अनुभव खोटा आणि पुस्तक खरं? आमचा वाडा कोरडा हे तुम्ही घरी बसून ठरवलंत! पानशेत फुटलं तेव्हा, १९६१ साली, खालच्या मजल्यावर पाणी होतं.

अनघा_रसायन | रविवार, सकाळी १०.४४

तुमच्या अनुभवाला मी खोटं म्हटलं नाही, तुम्ही लावलेल्या कारणाला म्हटलं. आणि पुराच्या वर्षी तो कॅमेरा घरात होता का? तुमच्याच हिशोबाने तो चाळीस वर्षांचा आहे.

जुनी_काच | रविवार, सकाळी ११.०२

मी आता सिलिका जेलच वापरतो. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत वापरतो, छान चालतं.

अनघा_रसायन | रविवार, सकाळी ११.०८

तो तवा आजपासून स्वयंपाकाला वापरू नका! निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. नारिंगी दाणे आणा आणि त्यांच्यासाठी जुनी कढई वेगळी ठेवा. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, घरात लहान मुलं असतील तर विशेष.

जुनी_काच | रविवार, सकाळी ११.१५

तवा बाजूला काढला. दोन वर्षं त्याच्यावर पोळ्या केल्यात. हे आधी कोणी सांगितलं नाही.

सदाशिव_४११०३० | रविवार, सकाळी ११.४०

कॅमेरा घरात आला तो १९८३ मध्ये. पुराचा दाखला चुकला. तांदूळ काढून त्या डब्यात जेल ठेवून बघेन, वडिलांच्या वस्तू आहेत, धोका नको. तांदळाने नुकसान झालं असं मात्र मी लिहिणार नाही, कारण झालेलं नाही.

कवडीपाट_रविवार | रविवार, दुपारी १.२०

आत्ताच कवडीपाटला नदीवरचे पक्षी बघून आलो आणि हा धागा वाचला. तुम्ही सगळे लेन्स कोरडी कशी ठेवायची ते सांगताय. तिथे बंधाऱ्यावर प्लास्टिक इतकं साचलंय की पक्ष्याची चौकट स्वच्छ मिळत नाही. आणि मोठ्या झूमवाले थेट पाण्यापर्यंत उतरतात. आज एकाने चांगला फोटो हवा म्हणून दगड मारून थवा उठवला. मी ओरडलो तर म्हणतो, इतक्या लांबून एवढ्याशा लेन्सला काही दिसत नाही. दिसत नसेल तर काढू नका! मुलीला कॅमेरा देताना हेही शिकवा. निकॉनच्या पी ९०० सारखा ८३ पट झूमचा कॅमेरा काठावर बसून वापरला तरी पक्षी नीट ओळखता येतो, पाण्यात उतरावं लागत नाही.

टेकडीवरचा | रविवार, दुपारी १.४५

दगड मारणाऱ्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण तो कॅमेरा तालमीसाठी कोणी घेऊ नये. सेन्सर ६.२ × ४.६ मिमीचा, एपीएस-सीच्या तेराव्या भागाएवढा. उन्हात काठावरून पक्षी उत्तम, ट्यूबलाइटखाली फोनशी बरोबरी. म्हणूनच आधी मोजा म्हणालो.

मंदार, रात्रीच्या माझ्या वाक्याची धार जास्त होती. तुमचे साठ हजार खरे गेलेत.

मंदार_फुलफ्रेम | रविवार, दुपारी २.१०

ठीक. डी ७२०० ने काही अडलं नव्हतं. मित्राने फुल फ्रेम घेतला होता, त्याचे फोटो बघून मला माझे कमी वाटायला लागले. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तरी एक लक्षात ठेवा. डी ३५०० चं उत्पादन निकॉनने २०२२ मध्येच थांबवलं. तुम्ही त्या मुलीला ज्या माउंटवर (लेन्स बसवायच्या पद्धतीवर) बसवताय त्यात कंपनीला आता रस नाही.

टेकडीवरचा | रविवार, दुपारी २.२८

थांबवलं, खरं आहे. म्हणूनच तर ते चाळिसाच्या आत मिळतंय. ३५ ची ती लेन्स उद्या मिररलेसवर अडॅप्टरने ऑटोफोकससकट चालते. जुन्या डी मालिकेतल्या (एएफ-डी) लेन्स मात्र घेऊ नयेत, त्यांच्यात स्वतःची मोटर नसते. डी ३५०० आणि डी ५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, प्रत्येक फोटोला हाताने फोकस करत बसावं लागेल. आणि मूळ मालकाचं पक्कं बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

श्रावणीची_आई | रविवार, संध्याकाळी ६.०५

प्रश्न मीच विचारला होता. सव्वा लाखाचं वाचून लेक म्हणाली, "राहू दे आई, मला नकोच." म्हणून मी पुन्हा लिहिलं नाही. आज तिला हा धागा वाचायला दिला.

आम्ही दोघींनी बसून मोजले. या महिन्यात २१८ फोटो. १६३ तालमीचे. त्यातले बहुतेक आठ-दहा फुटांवरून, आणि निम्म्याहून जास्त फोटोंत नुसते हात आहेत. पत्र धरलेले, पदर पिळणारे, दाराची कडी लावणारे. मी इतके दिवस तिचा फोन बघते, मला हे दिसलंच नव्हतं. पक्षी सगळे मिळून चार.

तिच्या एका सरांनी सुचवलं म्हणून पुढच्या रविवारी डी ५६०० आणि ३५ ची लेन्स एका दिवसासाठी भाड्याने आणतोय. आवाजाचं वाचून तिने दिग्दर्शकाला आधीच विचारलं. तो म्हणाला, काढ, पण शेवटच्या प्रसंगात नाही. अनघाताई, ते नारिंगी दाणे पुण्यात नेमके कुठे मिळतील?

मंदार_फुलफ्रेम | रविवार, संध्याकाळी ६.३०

ताई, किट लेन्सही सोबत भाड्याने मागा आणि दोन्हीवर तोच हात, तोच उजेड काढून बघा. विकत घेताना टॉर्च घेऊन जा, लेन्सच्या मागून आत मारा. शटर काउंट पन्नास हजारांच्या आत असेल तर घ्या. विकणारा पेठांत किंवा डेक्कनला असेल तर मी सोबत येऊन बघेन. आणि श्रावणीला सांगा, "नाहीतर फोनच वापरा" असं मी लिहायला नको होतं.