‘दिवसभर शांत होता’ म्हणजे चांगली देखभाल का?

सहकारनगरची_ताई
धाकटा भाऊ 29 वर्षांचा. ऑटिझम, सोबत मध्यम बौद्धिक अक्षमता. आईचे गुडघे गेल्यापासून बारा तास सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोचा माणूस असतो. संध्याकाळी विचारलं की ठरलेलं उत्तर: जेवला, आंघोळ झाली, शांत होता. शांत असणारच, दिवसभर हातात मोबाइल! पूर्वी हाच मुलगा मटार सोलायचा, दूध आणायला जायचा. आता पाण्याचा ग्लासही हातात आणून मिळतो, म्हणून उठतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आज त्याने स्वतःहून काय केलं, कुठल्या गोष्टीत त्याला विचारलं, यावर देखभालीचा दर्जा ठरावा. आणि हे काम करणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं हवं. दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. घरात बारा तास एकटा सांभाळणाऱ्या माणसाला मात्र ऑटिझम हा शब्द माहीत नसला तरी चालतो.

डोंबिवलीचा_बाबा
ताई, सक्ती केलीत तर आहेत तीही माणसं जातील. आमच्याकडे सांभाळायला येणाऱ्या मावशी चौथी शिकलेल्या. लेकीला फिट येणार हे त्यांना आमच्याआधी कळतं. मध्ये एक कोर्स केलेली बाई आली होती. भिंतभर चित्रांची कार्डं लावली आणि महिना भरायच्या आत सोडून गेली. मावशी का टिकल्या? पगार एक तारखेला, रविवारी सुट्टी, आणि त्या आमच्यासोबत टेबलावर जेवतात. ब्यूरो दर दोन महिन्यांनी माणूस बदलतो. तिथे कुठलं प्रशिक्षण उपयोगी पडणार?

सहकारनगरची_ताई
मावशी मिळाल्या हे तुमचं नशीब. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांनी काय करायचं?

लीड्सहून
मी इंग्लंडमध्ये हेच काम करते. इथे सरकारी नियामक आहे. बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम यांबद्दलचं प्रशिक्षण 2022 च्या कायद्याने नोंदणीकृत सेवांवर बंधनकारक केलं. पण ब्रिस्टलजवळचं विंटरबोर्न व्ह्यू प्रकरण बघा. खाजगी रुग्णालय, रीतसर नोंदणी झालेलं. तिथल्या एका नर्सने आधी तक्रार केली, कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 2011 मध्ये बीबीसीने छुपा कॅमेरा नेला तेव्हा मारहाण बाहेर आली. म्हणून नुसत्या नोंदणीवर माझा विश्वास नाही. इथली मला पटलेली गोष्ट वेगळी: गरज ठरली की काही कुटुंबं कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारकडून, पैसे थेट हातात घेतात आणि आपला माणूस आपण निवडतात.

हिशेबी_पुणेकर
पैसे थेट हातात! आपल्या 2016 च्या कायद्याच्या कलम 24 मध्येही जास्त आधार लागणाऱ्यांसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेख आहे, राज्याची आर्थिक कुवत बघून. केरळात ‘आश्वासकिरणम्’ या सरकारी योजनेतून सांभाळणाऱ्याला महिन्याला 600 रुपये ठरले. पुण्यात तेवढ्यात ब्यूरोचा एक दिवस जेमतेम निघेल. प्राप्तिकरात दिव्यांग नातेवाइकाच्या सांभाळासाठी 75 हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे, पण ती जुन्या करप्रणालीत आणि कर भरणाऱ्याला. नोकरी सोडून घरी बसलेल्या आईला त्यातलं काय मिळतं? ताई, दर्जाची चर्चा करा, पण आधी खर्च कुणी उचलायचा ते सांगा.

निरागस_नाही
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, बोलता येतं म्हणून लिहितोय. लहानपणी मिक्सर लागला की मी भिंतीवर डोकं आपटायचो. सांभाळणारी बाई ‘हट्टी आहे’ म्हणायची. मिक्सर दुसऱ्या खोलीत नेऊन बघावं, हे कुणाला सुचलं नाही. एवढं शिकवायला सहा महिन्यांचा कोर्स लागत नाही, दोन दिवस पुरतील. ताईंचं म्हणणं मला त्यामुळे अर्धंच पटतं. आणि हो, नजर ठेवायला घरात कॅमेरे लावणाऱ्यांनो, बेडरूममध्ये कॅमेरा लावताना आम्हाला कुणी विचारतं का?

डोंबिवलीचा_बाबा
मी लावलाय. हॉलमध्ये आणि तिच्या खोलीतही. माझी मुलगी बोलत नाही. दंडावर वळ दिसला तर तो कसा उठला हे ती सांगणार नाही. त्याच कायद्याच्या कलम 7 खाली छळाची तक्रार घेऊन कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं, मान्य. तिथे काय दाखवू?

निरागस_नाही
पण काका, तुमच्या मावशींवर तर तुमचा इतका विश्वास आहे ना?

डोंबिवलीचा_बाबा
मावशी सुट्टीवर गेल्या की बदली माणूस येतो, त्याच्यासाठी आहे. मावशी असतात तेव्हा बंद ठेवतो.

सहकारनगरची_ताई
म्हणजे अनोळखी माणसावर देखरेख लागते, हे तुम्हालाही मान्य आहे. मी तरी दुसरं काय म्हणतेय?

डोंबिवलीचा_बाबा
देखरेख मी करीन. सरकारी माणूस माझ्या घरात वही तपासायला नको.