डेव्हर्सच आगाऊ होता, की रेड सॉक्सनेच माती खाल्ली?

फेनवेकर:
आपल्या बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल टीमचा ॲलेक्स ब्रेगमन शिकागो कब्ज या टीमकडे गेला. पाच वर्षं, साडेसतरा कोटी डॉलर. ज्याच्यासाठी आपण राफाएल डेव्हर्सला तिसऱ्या बेसवरून, त्याच्या फील्डिंगच्या जागेवरून, उठवलं, तो एक सीझन खेळून, करारातली पळवाट वापरून चालता झाला. डेव्हर्स तर जूनपासूनच सॅन फ्रान्सिस्कोत. तेलही गेलं, तूपही गेलं.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेव्हर्स आपल्याकडेच वाढलेला, २०१८च्या वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या टीममधला. जानेवारी २०२३ मध्ये त्याला दहा वर्षांसाठी ३१ कोटी ३५ लाख डॉलर दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रेगमनला आणलं आणि याला सांगितलं, तू आता फक्त बॅटिंग कर, डीएच हो. आधी हटून बसला, मग तयार झाला. २ मेला पहिल्या बेसवरचा ट्रिस्टन कॅसास धावताना गुडघा फाटून कोसळला, सीझन संपला. मग निरोप आला की आता पहिल्या बेसवर उभा राहा. हा म्हणाला, ग्लोव्ह ठेवून दे असं तुम्हीच सांगितलंत, आता बाजारात जाऊन माणूस शोधा. मालक जॉन हेन्री समजूत काढायला विमानाने कॅन्सस सिटीला गेले. १५ जूनला त्याला ट्रेड केलं, म्हणजे बदल्यात दुसरे खेळाडू घेऊन सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे धाडून दिलं.

माझं मत स्पष्ट आहे. 'ॲटिट्यूड खराब' हा शिक्का नंतर मारलेला आहे. एका माणसाला दोन-तीन महिन्यांत दोनदा जागा बदलायला सांगायचं, आणि तो चिडला की बदनाम करायचं. उरलेले २५ कोटींहून जास्त डॉलर जायंट्सने उचलले, हे विसरू नका. खरं दुखणं तिथे आहे.

खडूस काका:
साफ असहमत. ३१ कोटी घेणारा माणूस 'हे माझं काम नाही' म्हणतो? कॅसासचा गुडघा काही टीमच्या ऑफिसने फोडला नव्हता. अडचण आली, घरच्या माणसाला हाक मारली. २००३च्या वर्ल्ड कपात द्रविडने निमूटपणे ग्लोव्ह्ज चढवले, एक जास्तीचा बॅटर खेळवता यावा म्हणून. तो द्रविड होता हो, गल्लीतला कोणी नव्हे. ते लांबचं वाटत असेल तर मुकी बेट्स बघा. एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) ठरलेला, उजव्या फील्डचा बादशहा, डॉजर्स टीमने त्याला शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर) उभं केलं आणि तो उभा राहिला.

शिवाय तिसऱ्या बेसवर डेव्हर्स काय दिवे लावत होता? चुकांच्या यादीत कायम वरच्या रांगेत. ब्रेगमनकडे २०२४चा गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम फील्डिंगचा पुरस्कार होता. कुठलाही शहाणा मॅनेजर हेच करेल.

अनुजा_फ्रॅमिंगहॅम:
काका, द्रविडचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्याने १९९९च्या वर्ल्ड कपात टाँटनला कीपिंग करून वर १४५ मारले होते. त्याला ते काम येत होतं. डेव्हर्स मेजर लीगमध्ये पहिल्या बेसवर एकदाही उभा राहिला नव्हता.

आणि पहिला बेस म्हणजे उंच माणूस उभा केला की झालं, असं नाही. शॉर्टस्टॉपचा थ्रो शेवटच्या फुटावर मातीत आपटून येतो, तेव्हा एक पाय बेसच्या कडेला टेकलेला ठेवून ग्लोव्ह खालून वर न्यायचा, आणि त्याच क्षणी पूर्ण वेगात येणारा धावपटू त्या पायावर पडू नये हेही बघायचं. रनर बेसवर असला तर त्याला धरून ठेवायचं वेगळंच. हे चालू सीझनमध्ये, रोज सामने असताना शिकायचं? डीएचची घडी बसायलाही त्याला वेळ लागला होता. सीझनच्या पहिल्या पाच सामन्यांत १५ स्ट्राइकआउट झाले (तीन स्ट्राइक होऊन बाद), लोकांनी घरच्या मैदानावर हुर्यो केली असती. तरी सावरला, ट्रेड होईपर्यंत ७३ सामन्यांत १५ होम रन.

१५ जूनला मी बाबांना घेऊन फेनवेवर, आपल्या मैदानावर होते, फादर्स डे होता. यांकीजचा पिचर मॅक्स फ्रीडला डेव्हर्सने डावीकडे होम रन मारला, आपण २-० जिंकलो, यांकीजला तिन्ही सामन्यांत धुतलं. लॅन्सडाउनवरून गाडी पकडून घरी पोचतो तोवर फोनवर बातमी. बाबांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तेही म्हणाले, जिंकल्यावर काढतात होय?

फ्रीमाँटचा_पक्या:
जायंट्सवाला बोलतोय. आमच्याकडे आल्या आल्या म्हणाला, सांगाल तिथे खेळेन. २२ जुलैला पहिल्या बेसवर उभा राहिलासुद्धा. एकूण ३५ होम रन, १०९ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेल्या धावा), आणि दोन टीम मिळून १६३ सामने! एका टीमचा सीझनच १६२चा असतो, त्यामुळे याला आळशी तरी म्हणू नका.

पण खोटं कशाला बोलू, तो आला तेव्हा आम्ही ४१ विजय, ३१ पराभव असे होतो, संपलो ८१-८१ वर. एकट्याने टीम तरत नाही.

खडूस काका:
वा पक्याशेठ, माझं काम सोपं केलंत. बॉस्टनला 'नाही', आणि विमानातून उतरल्याबरोबर तिकडे 'कुठेही'. म्हणजे जमत नव्हतं हे खोटं, करायचं नव्हतं हे खरं. यालाच आमच्याकडे माज म्हणतात.

फेनवेकर:
काका, १७ जूनला तो जायंट्सकडून पहिला सामना खेळला आणि पहिल्या बेसवर आला २२ जुलैला. मधल्या महिनाभरात सराव करून घेतला त्यांनी. आपल्याकडे हा वेळ फेब्रुवारीत होता. ब्रेगमन येतोय हे दिसत असताना तेव्हाच 'थोडा पहिल्या बेसचाही सराव ठेव' म्हणाले असते तर? त्याऐवजी ग्लोव्ह ठेवून दे म्हणाले. ट्रेड करणारा बेसबॉल प्रमुख क्रेग ब्रेस्लो स्वतः आपल्या २०१३च्या विजेत्या टीमचा पिचर. खेळाडूशी कसं बोलावं हे त्याला शिकवायला लागू नये.

आकडेमोड्या:
भावना बाजूला ठेवू. ट्रेडच्या दिवशी आपण ३७-३६. त्यानंतर ५२-३७. एकूण ८९ विजय, आणि २०२१ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी). डेव्हर्स गेल्याने डीएचची जागा मोकळी झाली, नवोदित रोमन अँथनीला रोज खेळवता आलं. ट्रेड बरोबरच होता.

अनुजा_फ्रॅमिंगहॅम:
अँथनी ९ जूनला आला, तेव्हा डेव्हर्स टीममध्येच होता. पिचर गॅरेट क्रोशेने १८ सामने जिंकून दिले, त्याचा या ट्रेडशी काय संबंध? आणि बदल्यात मिळालं काय ते सांगा. पिचर जॉर्डन हिक्सची ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) आपल्याकडे ८च्या वर. जेम्स टिब्सला दीड महिन्यात डॉजर्सकडे पाठवून डस्टिन मे हा पिचर आणला. राहिला पिचर काइल हॅरिसन आणि एक कोवळा पोरगा. प्लेऑफच्या पहिल्या, वाइल्ड कार्ड फेरीचा तिसरा सामना आठवतोय ना? यांकीजचा पिचर कॅम श्लिटलरने १२ स्ट्राइकआउट घेतले, आपण शून्यावर. (तो वॉलपोलचा, म्हणजे बॉस्टनच्या शेजारचा, हे मीठ वेगळं.) तेव्हा बॅटिंगच्या ओळीत एक डेव्हर्स चालला नसता?

हळूच_बंट:
बेट्स, बोगार्ट्स, डेव्हर्स. तिघेही आपल्या २०१८च्या विजेत्या टीमचे, तिघेही गेले. दर वेळी दोष मात्र खेळाडूचाच कसा हो?

खडूस काका:
बोगार्ट्सला सॅन डिएगोने ११ वर्षं दिली, ती आपण द्यायला हवी होती का? आणि तिथे २०२४ मध्ये त्याला शॉर्टस्टॉपवरून दुसऱ्या बेसवर हलवलं, तो गेला. आपला सेडन राफाएला बघा. शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड, दुसरा बेस, जिथे उभा कराल तिथे खेळतो, आणि गोल्ड ग्लोव्हही घेऊन येतो. त्याची कधी तक्रार ऐकलीत?

फेनवेकर:
राफाएलाचा करार ५ कोटींचा आहे, तोही अजून नाव व्हायच्या आधी केलेला. तो कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

खडूस काका:
म्हणजे पैसा वाढला की तोंड वाढतं. मी पहिल्या प्रतिसादापासून दुसरं काय म्हणतोय?