फाळणीत सिंधहून आलेली गुरुमुखी पोथी: कशी जपावी, कुणाला दाखवावी?

उल्हासकाठ: माझं सासर सिंधी, नानकपंथी, म्हणजे गुरू नानकांना मानणारं. १९४७ मध्ये आजेसासूबाई शिकारपूरहून निघाल्या तेव्हा सुखमनी साहिबची, म्हणजे शिखांच्या एका प्रार्थनेची, गुरुमुखी लिपीतली पोथी सोबत होती. कराचीहून बोटीने मुंबई, मग कल्याण कॅम्प, म्हणजे आजचं उल्हासनगर. रोज वाचून पानांचे कोपरे बोटांनी काळे झालेत. आता चौकटीच्या हिरव्या रेघेवर पानं कापल्यासारखी तुटतायत, कसरही लागलीय. चुलतसासरे म्हणतात, जीर्ण झाली, पंजाबात गोइंदवाल साहिब गुरुद्वाऱ्यात अग्निभेटीला, म्हणजे मानाने अग्नी द्यायला पाठवू. दुबईचे दीर म्हणतात, माझ्याकडे द्या, एसीत राहील. लॅमिनेशन करून घ्यावं का? घरात गुरुमुखी फक्त सासूबाईंना वाचता येते.

शाईरेघ: लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेप आणि फेव्हिकॉलही नको. हिरवी रेघ बहुतेक जंगालाची, म्हणजे तांब्यापासून केलेल्या रंगाची असणार. तो कागद खातो, आणि दमट हवेत जास्तच. त्यावर घरगुती इलाज नाही, जाणकाराकडेच जावं लागेल. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, पुण्यात भांडारकर संस्था. दोन्हीकडे आधी फोन करून विचारा. पोथी डोकं झाकून, हात धुऊनच हाताळा, हेही तिथे मोकळेपणाने सांगा.

तोवर मांजरपाट दोन-तीनदा धुऊन खळ काढा, त्यात पोथी गुंडाळा आणि रुमाला, म्हणजे पोथीवर घालायचं मानाचं वस्त्र, त्यावरून घाला. रंग जाणारं लाल कापड पानांना लागू देऊ नका. प्लॅस्टिकची पिशवी नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाटही नको. शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवा, पानांत नको. उन्हात घालू नका. दिवा-उदबत्ती लांब. उघडताना दोन्ही बाजूंना उशा द्या, पूर्ण सपाट केली की शिवण तुटते.

कॅम्प_तीन: मीही कॅम्पातलाच. चुलतसासऱ्यांची भावना खरी आहे, अग्निभेट हा सन्मानाचाच निरोप. पण हस्तलिखित असेल तर ते एकमेव असतं, आणि अशी कितीतरी जुनी हस्तलिखितं नीट न पाहताच अग्नीत गेली. आधी फोटो काढा: खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय, पान न् पान क्रमाने, कोरी पानंसुद्धा. चंदीगडची पंजाब डिजिटल लायब्ररी २००३ पासून गुरुमुखी पोथ्यांचं डिजिटायझेशन करतेय, त्यांना लिहा. आणि आज पाठ करायला छापील गुटका, म्हणजे पाठाची छोटी पुस्तिका, घ्या. पाठ थांबायला नको, ताण या पानांवर नको.

शाईरेघ: दुबईबद्दल राहिलं. ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेलं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. दिरांना स्कॅन द्या. मात्र ती हातानेच लिहिलीय ना, हे बघा. लाहोरला शिळाछापाच्या, म्हणजे हाताने लिहिलेलं दगडावरून छापलेल्या, पोथ्याही निघत, त्या हस्तलिखितासारख्याच दिसतात. छापखान्याचं नाव कुठे आहे का? शेवटचं पान वाचून घ्या, लेखकू, म्हणजे पोथी लिहून काढणारा, बरेचदा तिथे संमत, म्हणजे विक्रम संवताचं वर्ष, घालतो.

उल्हासकाठ: छापखान्याचं नाव कुठेच नाही. सासूबाईंनी शेवटचं पान वाचलं, ‘संमत १९२’ एवढं दिसतंय, पुढचा आकडा कसरीने खाल्लाय. हे ऐकून चुलतसासरे स्वतःच म्हणाले, आधी फोटो काढा.

शाईरेघ: संमतातून ५७ वजा करा, म्हणजे साधारण इ.स. १८६३ ते १८७२. फोटोला त्या पानापासूनच सुरुवात करा. सुटलेले तुकडे फेकू नका, पानाचा क्रमांक लिहून कागदी पाकिटात ठेवा.