मदत हवी आहे: ल्युपस किडनीपर्यंत गेलाय, कोणाला अनुभव आहे का?

धाकट्या बहिणीला (वय २६) दोन वर्षांपासून ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, आतापर्यंत सांधेदुखी आणि गालावर लाल चट्टा एवढंच होतं म्हणून आम्ही निवांत, पण मागच्या महिन्यात लघवीला फेस यायला लागला, पाय सुजले, तपासलं तर २४ तासांच्या लघवीत २.८ ग्रॅम प्रोटीन, रक्तात सी३ सी४ (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) कमी आणि अँटी डीएसडीएनए (ल्युपसमधली अँटीबॉडी) वाढलेलं. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल, त्यामुळे घरचे म्हणे बायोप्सी (किडनीचा तुकडा काढून तपासणं) कशाला. केली, तर क्लास ४ निघाला, म्हणजे किडनीच्या निम्म्या किंवा जास्त गाळण्यांना सूज असलेला गंभीर प्रकार. तिच्याच अँटीबॉडी किडनीच्या गाळणीत अडकून सूज आणतायत म्हणे, कुंपणच शेत खातंय!

आता स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) सुरू आहे, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही ल्युपसची नेहमीची गोळी आधीपासून आहेच. डॉक्टर म्हणतात, फरक नाही पडला तर रिटुक्सिमॅब (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध), आणि त्याआधी फ्लू न्यूमोनियाच्या लसी उरका कारण नंतर शरीर नीट अँटीबॉडी बनवत नाही. म्हणजे इकडे अँटीबॉडी नकोत आणि तिकडे हव्यात, माझं तर डोकंच चालेना.

कोणाचं प्रोटीन मायकोफेनोलेटवर उतरलंय का, किती महिने लागले? आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न आहे, मायकोफेनोलेटवर असताना गरोदर राहिलेलं चालत नाही, तर अझाथायोप्रिनवर कोणाला बदलून दिलंय का? काढे प्लीज सुचवू नका, मावशीने तीन पाठवलेत आधीच.