सणाला पोलीस सोडतो, त्या ‘डिस्क्रिशन’ला मराठीत काय म्हणायचं?

आडवाट:
लक्ष्मीपूजनाची सकाळ. स्कूटरच्या हुकाला झेंडूची पिशवी, पायाशी नवी केरसुणी आणि हेल्मेट डोक्यावर नसून आरशाला लटकवलेलं. चौकात मामांनी बाजूला घेतलं. केरसुणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आज लक्ष्मी तुमच्या घरी न्यायचीय ना? मग आमच्याकडे कशाला ठेवून जाताय? ते आधी डोक्यात घाला.” पावती फाडली नाही. मीही वाद घातला नाही, हेल्मेट घातलं आणि निघालो.

आता मुद्दा. मी सध्या वाहतूक पोलिसांवरच्या एका अहवालाचं मराठीकरण करतोय. त्यात ‘डिस्क्रिशन’, म्हणजे प्रसंग पाहून काय करायचं ते स्वतः ठरवण्याची मुभा, दर पानावर येतं. मी सगळीकडे ‘विवेकाधिकार’ लिहिलं, तर संपादकबाई म्हणतात, हे राज्यपालांसारखं वाटतं, हवालदारासारखं नाही. मामांनी त्या दिवशी जे केलं त्याला मराठीत नेमका कोणता शब्द?

रूळ:
विवेकाधिकार बरोबर आहे. ‘स्वेच्छाधिकार’ही चालेल. मुख्यमंत्र्यांचा स्वेच्छाधिकार कोटा आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत वाचलाय. पारिभाषिक मजकुरात बोलीतले शब्द घुसवू नयेत.

निवृत्त कारकून:
शब्दाआधी प्रकार समजून घ्या, नाहीतर शब्द चुकीच्या जागी बसेल. कोर्टात तीस वर्षं फायली बांधल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौकात भरतो त्याला आपण सगळे ‘दंड’ म्हणतो. कायद्याने दंड करतं ते न्यायालय. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे काही ठरावीक गुन्हे खटला न चालवता मिटवता येतात. तिथे पोलीस किंवा परिवहनचा अधिकारी जी रक्कम घेतो तिला म्हणतात तडजोड शुल्क. बातम्यांतही ‘इतक्या लाखांचं तडजोड शुल्क वसूल’ असं येतं. लोकांना वाटतं इथे ‘तडजोड’ म्हणजे घासाघीस. तसं नाही. कोणत्या गुन्ह्याला किती, हे राज्य सरकार अधिसूचना काढून ठरवतं. महाराष्ट्रात या रकमा डिसेंबर २०२१ मध्ये वाढल्या. त्यामुळे “साहेब, सणाचे दिवस आहेत, निम्मं करा” हे वाक्यच निरर्थक आहे. निम्मं करण्याचा अधिकार मामांना नाहीच.

आणि दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ या मिटवायच्या यादीत नाही. तिथे कोर्टाची पायरी चढावीच लागते, मग ३१ डिसेंबर असो की धुळवड.

म्हणजे चौकातल्या माणसाच्या हातात उरतं काय? एवढंच, की कारवाई करायची की समज देऊन सोडायचं. तुमचा शब्द इथेच आहे: समज. ‘समज देऊन सोडण्यात आले’ हे आमच्या कागदांवरचं जुनं वाक्य. अक्कल या अर्थाची समज वेगळी, ही ताकिदीच्या अर्थाची. पण जोड बघा कशी आहे: समोरच्याला त्याची चूक सांगायची, ती त्याला कळलीय याची खात्री करायची आणि मगच जाऊ द्यायचं. ‘तंबी’त दरडावणं असतं. समजेत ते असेलच असं नाही.

आडवाट:
समज हे मला मिळालं. देणाऱ्याकडे जे होतं त्याला काय म्हणायचं? अहवालात तेच हवंय.

घाटमाथा:
तारतम्य!
या शब्दाची फोड मला फार आवडते. संस्कृतात दोन वस्तूंत तुलना करताना ‘तर’ लागतो आणि अनेकांत सर्वांत पुढे कोण हे सांगताना ‘तम’. लघु, लघुतर, लघुतम. या तर-तमवरून तरतमभाव आणि तारतम्य. म्हणजे कमी-जास्त ओळखण्याची शक्ती. केरसुणी घेऊन कोपऱ्यावरून घरी निघालेला विनाहेल्मेट माणूस आणि उलट्या दिशेने सुसाट येणारा विनाहेल्मेट माणूस, दोघांच्या पावतीवर हेल्मेटचा गुन्हा एकच पडेल. पण मामांना त्यातला ‘तर’ दिसतो. ‘विवेक’ सत्-असत् निवडतो, त्याला दोनच कप्पे. तारतम्याला पायऱ्या असतात. रस्त्यावर पायऱ्याच लागतात.

मिरजेकडचा:
दिवाळीत पोलिसाने सोडलं की त्याला ‘उलटी पोस्त’ म्हणावं. एरवी पोस्त मागायला येतात, इथे तेच देऊन गेले.

लाल दिवा:
सणाच्या सवलतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातचे गृहराज्यमंत्री हर्ष संघवी यांनी सुरतेत जाहीर केलं, की दिवाळीनिमित्त २१ ते २७ ऑक्टोबर या काळात वाहतूक पोलीस दंड घेणार नाहीत, चुकणाऱ्याला फूल देऊन समजावतील. बरीच टीका झाली. याला तारतम्य म्हणता येत नाही, ही माफी झाली. उलट त्या आठवड्यात तिथल्या हवालदाराचं तारतम्य वरूनच काढून घेतलं गेलं, कारण ज्याला फूल देऊ नये असं त्याला वाटलं त्यालाही फूलच द्यायचं.

आपल्याकडची जोडी: गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांची टोलमाफी. पास काढा, काचेला लावा, जा. नाक्यावरच्या माणसाने तुमचा चेहरा बघायचा प्रश्नच नाही. आणि सूट आणखी निराळी, ती कायद्यातच लिहिलेली असते. पगडी घातलेल्या शीख माणसाला हेल्मेटची सक्ती नाही, ते कलम १२९ मध्येच आहे. माफी आदेशाने, सूट कायद्याने, समज माणसाकडून.

निवृत्त कारकून:
हे शेवटचं वाक्य आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर निम्मे अर्ज परत गेले नसते.

हळदीकुंकू:
‘कानाडोळा’ कुणीच घेतला नाही? (मूळ ‘काणा डोळा’. एक डोळा मिटल्यासारखं करणं. कानाशी त्याचा संबंध नाही, तरी सगळे तसंच लिहितात आणि आता मीही लिहिते.) कानाडोळा आणि समज यांतला फरक सोपा आहे. कानाडोळ्यात तुम्हाला अडवतच नाहीत.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात, डोंबिवलीत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघालेल्या बायका दरवर्षी पहिल्या पानावर असतात. फेट्याला कायद्यात सूट नाही. पोलीस तिथेच उभे असतात, वाहतूक तेच वळवतात. मीही त्या रांगेत गेलेय, खोटं कशाला सांगू. आम्हाला कुणी समज दिली नाही. तो कानाडोळा होता.

मधली ओळ:
तारतम्याचं कौतुक वाचून थोडं खटकलं. दहीहंडीला एका बाइकवर तिघं, हातात झेंडा, भोंगा वाजवत जाणारी पोरं सुटतात, आणि त्याच संध्याकाळी पाठीवर जेवणाची मोठी पेटी घेतलेला पोरगा सिग्नलची रेघ टायरभर ओलांडली म्हणून बाजूला घेतला जातो. हे मी एकाच चौकात, पाच मिनिटांच्या अंतराने पाहिलंय. सण दोघांचाही होता. याला तुम्ही तारतम्य म्हणणार? मी ‘तोंड बघून पावती’ म्हणेन.

शब्दांपुरतं बोलायचं तर अडचण अशी, की तारतम्य हा कौतुकाचा शब्द आहे. ‘त्याने वाईट तारतम्य वापरलं’ असं मराठी माणूस बोलत नाही, ‘त्याला तारतम्य नाही’ म्हणतो. इंग्रजी शब्दात चांगला-वाईट दोन्ही वापर मावतात. मराठीत चांगला असेल तर तारतम्य आणि वाईट असेल तर मनमानी, मर्जी, लहर. अहवालात कोरा शब्द हवा. ‘स्वेच्छाधिकार’ कोरा नाही, त्यातली स्वेच्छा ऐकली की मला ती पेटीवाल्या पोराची बाइकच दिसते.

घाटमाथा:
खरंय. मग अखत्यार बघा. ‘हे माझ्या अखत्यारीत नाही’ असं आपण कचेरीत रोज ऐकतो आणि अधिकारक्षेत्र एवढाच अर्थ घेतो. मूळ अरबी ‘इख्तियार’, म्हणजे निवड. निवडण्याची मोकळीक. आपल्याकडे येता येता निवड गळाली आणि हद्द तेवढी राहिली. ‘कारवाई करायची की समज द्यायची हे अधिकाऱ्याच्या अखत्यारीत’ असं लिहिलं तर कौतुकही नाही, निंदाही नाही. वापर चांगला झाला तर पुढे तारतम्य म्हणा, वाईट झाला तर मनमानी म्हणा.

रूळ:
अखत्यार हा पारिभाषिक कोशातला प्रतिशब्द नव्हे. नोंद असावी.

हळदीकुंकू:
घेतली नोंद. समज देऊन सोडतोय.

लाल दिवा:
एक भर. पुढच्या काही वर्षांत ही चर्चा जुनी वाटेल. ई-चलानाला काय तारतम्य? खांबावरचा कॅमेरा नंबरपट्टी टिपतो, त्याला केरसुणी दिसत नाही. आणि मामांच्या हातातल्या मोबाइलने मागून फोटो निघतो तेव्हा निवड कायम असते, फक्त ती आपल्यापर्यंत येत नाही. टिपलं की सोडलं हे मेसेज आल्यावर कळतं, नाही आला तर कधीच कळत नाही. ‘पावती फाडली’ हा शब्दप्रयोग मात्र टिकलाय, फाडायला कागद नसताना.

निवृत्त कारकून:
मग लोक ती चलानं साठवतात आणि लोकअदालतीत येतात. आमच्याकडे तडजोड म्हटली की समोरासमोर दोन खुर्च्या लागायच्या. आता तिथेच काय ती समोरासमोर गाठ पडते.

आडवाट:
सगळ्यांचे आभार. अहवालात असं केलं: अधिकार आहे तिथे ‘अखत्यार’, तो नीट वापरला तिथे ‘तारतम्य’, गाडीवाल्याच्या पदरात पडतं ती ‘समज’, आणि सुरतेच्या उदाहरणाला सरळ ‘माफी’. ‘विवेकाधिकार’ फक्त प्रस्तावनेत ठेवला, ‘रूळ’ यांच्यासाठी.

भाऊबीजेला त्याच स्कूटरवर, हेल्मेट घालून बहिणीकडे गेलो. रात्री मेसेज आला. झेब्रा पट्ट्यावर थांबलो होतो म्हणे. फोटोत ओवाळणीची पिशवी स्पष्ट दिसतेय.
संपादकबाईंनी ‘अखत्यार’खाली पेन्सिलीने रेघ मारून परत पाठवलंय. प्रश्नचिन्ह नाही, नुसती रेघ.